आहाराच्या गणितातील काठाची रोपे



ज्या शास्त्राला विदाविज्ञान किंवा, सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात सांगायचे तर, डेटा सायन्स म्हणतात, त्याच्या साहाय्याने दरिद्री देशांतील जनतेचा आहार कसा सुधारता येईल, या एकाच प्रश्नाभोवती आज जगातील अनेक विद्यापीठांत डॉक्टरेटचे प्रबंध लिहिले जात आहेत. बाजारभावांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, कोणत्या धान्यात कोणते पोषकद्रव्य किती याची कोष्टके, आणि लाखो कुटुंबांच्या खाण्यापिण्याच्या सरकारी पाहण्या, अशा तीन दप्तरांची सांगड संगणकावर घालून, अमक्या मुलखातील माणसाला पुरेसा व सकस आहार कमीत कमी किती पैशांत मिळेल, आणि तो त्याला परवडत नसेल तर नेमके काय आड येते, याचा निवाडा हे प्रबंध करू पाहतात. हा विषय कळवणसारख्या तालुक्याच्या गावी, गिरणेच्या काठी, कांद्याच्या भावाची चिंता वाहणाऱ्या श्रोत्यांपुढे मांडावा की नाही, असा संदेह आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु या गणिताचा एक मोठा पाया महाराष्ट्रीय माणसाने घातलेला आहे, आणि त्या गणिताची खरी परीक्षा विद्यापीठांच्या दालनांत होत नसून कनाशी-दळवटच्या पलीकडे, सुरगाण्याच्या हद्दीकडे चढत जाणाऱ्या पाड्यांवर होणार आहे, असे माझे मत असल्यामुळे मी तो येथेच मांडण्याचे धाडस करीत आहे.

आरंभ अमेरिकेपासून करावा लागतो. १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने असा प्रश्न घातला, की ७७ खाद्यपदार्थांतून निवड करून, नऊ पोषकद्रव्यांची गरज भागेल असा, वर्षाकाठी सर्वांत स्वस्त पडणारा आहार कोणता? त्याने बरीचशी अटकळ आणि थोडे गणित यांच्या जोरावर १९३९ च्या भावांनी ३९ डॉलर ९३ सेंट हे उत्तर काढले. पुढे १९४७ साली जॉर्ज डँट्झिगने अशा प्रश्नांची रीतसर सोडवणूक करणारी पद्धती शोधून काढली, तेव्हा तिची कसोटी पाहण्यासाठी हाच प्रश्न घेण्यात आला. नऊ कारकून हातयंत्रे घेऊन बसले, १२० मनुष्यदिवस खर्ची पडले, आणि उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिग्लरची अटकळ अवघ्या २४ सेंटांनी चुकली होती! पण त्या स्वस्त आहारात होते काय? गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याच्या बिया. हा आहार कोणी कोणाला सुचवीत नाही, अशी पुस्ती खुद्द स्टिग्लरनेच जोडली होती. डँट्झिगची कथा तर याहून गमतीची आहे. पुढे त्याने स्वतःचे वजन उतरवण्यासाठी यंत्राकडून आहार आखून घेतला, तेव्हा यंत्राने त्याला दिवसाला पाचशे गॅलन शिरका पिण्याचा सल्ला दिला. शिरका वगळला तेव्हा मांसाच्या अर्काच्या दोनशे वड्या खाण्यास सांगितले. यंत्राचे यात काहीएक चुकले नव्हते. अमुक पदार्थ दिवसाकाठी इतक्यापेक्षा अधिक कोणी खाऊ शकत नाही, ही अट त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

या आख्यायिकेवर आपण हसतो, पण आहाराच्या साऱ्या गणिताचे मर्म तिच्यात आहे. उत्तर यंत्र काढते. अटी माणूस घालतो. आणि अटी घालणारा माणूस कोठे बसलेला आहे, त्याच्या समोरच्या दप्तरात काय नोंदलेले आहे आणि काय नोंदावयाचे राहून गेले आहे, यावर उत्तराचे बरेवाईट ठरते. आज विविध देशांत वापरल्या जाणाऱ्या ऑप्टिफूडसारख्या साधनांत ही सुधारणा झालेली आहे खरी: स्थानिक लोक प्रत्यक्षात कोणता पदार्थ आठवड्यातून कमीत कमी व जास्तीत जास्त किती वेळा खातात, हे पाहणीतून काढून त्या चौकटीतच उत्तर शोधले जाते, आणि त्या चौकटीत राहून कितीही उलटसुलट केले तरी जे पोषकद्रव्य पुरे पडत नाही त्यावर बोट ठेवले जाते. परंतु स्थानिक म्हणजे किती स्थानिक? जिल्हा, तालुका, की पाडा? हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

आता आपल्याकडे वळू. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. संख्याशास्त्र ज्या काळी घडत होते त्या काळी, आणि ज्यांच्या हातून घडत होते त्या फिशर, नेमन आणि पिअर्सन यांच्या सहवासात, त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय शुद्ध गणितातला, अन्नाशी सुतराम संबंध नसलेला होता. मायदेशी परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांची नेमणूक झाली आणि तेथे त्यांच्यापुढे जो प्रश्न आला तो आपल्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे: यंदा पीक किती आले, हे ठरवायचे कसे?

तोवर हे काम आणेवारीने चाले. तलाठी, सर्कल आणि गावचे पंच शिवारावरून नजर फिरवीत आणि रुपयात इतके आणे पीक असा दाखला लिहीत. त्या दाखल्यावर सारा माफ व्हायचा की तहकूब, हे ठरत असल्यामुळे नजरेच्या जोडीला अन्य विचारही त्यात शिरत, हे सांगावयास नको. सुखात्मे यांनी यादृच्छिक रीतीने गावे निवडा, गावांतून शेते निवडा, शेतातील चिठ्ठीने ठरलेल्या जागी दोरी टाकून चौकोन आखा, तेवढेच पीक कापा, मळा आणि वजन करा, अशी पद्धती देशभर रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. आज पीकविम्याच्या भांडणात ज्या पीक कापणी प्रयोगाचे नाव आपण रागाने घेतो त्याचा हा कुलवृत्तांत आहे.

या कामात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, तो आजच्या विषयाच्या दृष्टीने मला सर्वांत उद्बोधक वाटतो. महालनोबिस यांचा कल लहान आकाराचे तुकडे कापण्याकडे होता. खर्च कमी, तुकडे अधिक. सुखात्मे यांनी प्रयोगाने दाखवले, की तुकडा जितका लहान तितका उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण अगदी साधे. दोरी जेथून जाते तेथे, बरोबर काठावर, काही रोपे उभी असतात. ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ती आत घेतो. मोठ्या चौकोनात काठाची रोपे एकूण पिकाच्या मानाने थोडी, म्हणून चूक नगण्य राहते. लहान तुकड्यात काठच काठ, म्हणून चूक मोठी होते. यात लबाडी कोणाचीच नसते. काठाच्या रोपाचा निर्णय माणूस घेतो आणि माणसाचा कल एका बाजूला झुकलेला असतो, एवढेच त्याचे कारण आहे. हे रोप पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून रोमला गेले आणि वीस वर्षे तेथे राहिले. त्या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी, दोनतृतीयांश मानवजात भुकेली आहे, असे विधान केले होते. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात हे विधान तपासून पाहिले. देशाची सरासरी पुरेशी की अपुरी, असे विचारणे व्यर्थ आहे. खाणाऱ्यांत किती फरक आहे आणि गरजेतही माणसामाणसांत किती फरक आहे, हे दोन्ही धरून रेषेखाली किती उरतात ते काढले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आज दरवर्षी जगातील भुकेल्यांचा जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, त्यामागील पद्धतीचा उगम या निबंधात आहे. बुधसारख्या खेड्यातून निघालेल्या माणसाच्या विचारावर साऱ्या जगाच्या भुकेची खानेसुमारी उभी राहावी, हे अभिमान वाटण्यासारखे आहे. पण त्या अभिमानात न रमता पुढची, काहीशी कटू, कथा सांगितली पाहिजे.

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. दरडोई दररोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना करता येत नाही ते दरिद्री, अशी कसोटी लावून, १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सुखात्मे याच सुमारास पुण्यास परतले होते, आणि या निष्कर्षावर त्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला बदलते, शरीर कमीअधिक अन्नाशी आपणहून जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेची रेषा ओढून तिच्या खालच्या सर्वांना उपाशी म्हणणे हा संख्याशास्त्रीय प्रमाद आहे. रेषा या फरकाच्या खालच्या टोकाला ओढली पाहिजे. तशी ओढली तर दरिद्री जनतेचा आकडा पुष्कळच उतरतो. दांडेकरांनी ते मान्य केले नाही. १९८१ च्या सुमारास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांतून या दोघांत झालेला वाद आजही वाचण्यासारखा आहे.

माझे मत विचाराल तर, सुखात्मे यांचे गणित दांडेकरांच्या गणिताहून सूक्ष्म होते आणि दांडेकरांचा निवाडा सुखात्मे यांच्या निवाड्याहून न्याय्य होता. माणसाची गरज बदलते हे खरे. परंतु जो मनुष्य सतत खालच्या टोकावरच जगतो आहे, त्याचे शरीर जुळवून घेते म्हणजे काय करते? ते काम कमी करते, वाढ कमी करते, मूल लहानखुरे ठेवते. या जुळवून घेण्यालाच आरोग्य म्हणू लागलो, म्हणजे लहान पण निरोगी असा एक सोयीस्कर वर्ग तयार होतो. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने तो पुढे केलाही, आणि पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला. उलटपक्षी, नुसते अन्न ओतून भागत नाही, दूषित पाणी आणि अस्वच्छता यांमुळे पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही, हा सुखात्मे यांचा आग्रह मात्र काळाने खरा ठरवला आहे. सुखात्मे आणि दांडेकर दोघेही एकाच शहरात राहत होते, दोघेही तीच आकडेवारी वाचत होते. फरक पडला तो काठाची रोपे कोणत्या बाजूला धरायची एवढ्यावर.

यानंतरचे एक पाऊलही पुण्याजवळच पडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. सुखात्मे पुण्यात ज्या संस्थेशी संबद्ध होते, त्याच, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील शोभा राव यांनी या स्त्रियांच्या आहाराचे विश्लेषण केले आणि ते २००१ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रिया दिवसाला १८०० कॅलरींच्या आसपास खात होत्या आणि त्यांची मुले जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची होती. परंतु मुलाच्या आकाराचा संबंध आईच्या कॅलरींशी किंवा प्रथिनांशी लागेना. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या कॅलरीवरून दोन थोर पुरुष दहा वर्षे भांडले, ती मोजली जात असताना माठाची जुडी कोणीच मोजत नव्हते, असे यावर कोणी म्हटले तर तो अतिशयोक्तीचा दोष होईल. पण फार मोठा नव्हे.

आणि ही जुडीच आपल्याला कळवणला आणून सोडते. २०२१ साली कल्याणी रघुनाथन, डेरेक हेडी आणि अ‍ॅना हर्फर्थ यांनी ग्रामीण भारतातील भाव आणि मजुरी यांच्या नोंदींवरून हिशेब केला, की २०११ साली ग्रामीण दरिद्री जनतेपैकी ६३ ते ७६ टक्के लोकांना शिफारस केलेला आहार परवडत नव्हता. हा हिशेब देशासाठी झाला. तो या तालुक्यासाठी करायचा ठरवला तर काय होईल? कळवणच्या पूर्वेकडे, चणकापूरच्या कालव्याखाली, बागाईत आहे, कांदा आहे, बाजार समितीत दररोजचा भाव फळ्यावर लागतो आणि तोच संगणकावरही चढतो. पश्चिमेकडे डोंगराचा उतार, पावसावरची शेती, कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी समाजांची वस्ती. तेथे नागली, वरई, उडीद, कुळीथ आणि खुरासणी. नागली पिकवणाऱ्याच्या घरातच खपते आणि उरलीसुरली आठवडेबाजारात पायलीच्या मापाने विकली जाते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळे या रानभाज्या बाया खुडून आणतात. बाजारात आल्याच तर गोणपाटावर मांडलेल्या वाट्यांच्या रूपाने येतात, आणि एका वाट्यात किती ग्रॅम हे विकणारणीला विचारले तर ती आपल्याकडे ज्या नजरेने पाहील ती संशोधकाने एकदा अवश्य अनुभवावी. सुकटीचेही तसेच.

आता संगणकाच्या रकान्यात कांद्याचा भाव ३६५ दिवसांचा हजर आहे, आणि नागलीचा, टाकळ्याचा रकाना रिकामा आहे. विदाविज्ञानात रिकामा रकाना भरण्याच्या अनेक मान्य रीती आहेत. त्यांतली सर्वांत सोपी म्हणजे शेजारच्या रकान्यांवरून सरासरी काढून तो भरून टाकणे. तसे केले, की दळवटच्या पाड्यावर नाशिकच्या दुकानातील नागलीचा भाव लागू होतो, आणि यंत्र निर्विकारपणे सांगते, की येथील लोकांना नागली परवडत नाही, त्यांनी गहूतांदूळ खावा. वास्तविक शंभर ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडीक तांदळात आठही नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत हे कोणालाही पाहता येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद करण्यात आली होती, तरी स्वस्त धान्य दुकानात येतात ते मुख्यत्वे गहू आणि तांदूळच. म्हणजे कागदावर नागलीला जागा आहे, गोदामात नाही, आणि यंत्र गोदामाची नोंद वाचते.

दुसरी गोष्ट महिन्यांची. सरकारी पाहणी वर्षभर चालत असली तरी एका घरी पाहणी करणारा येतो तो मोजक्या वेळा. डोंगराकडील घरात दिवाळीनंतर कणगी भरलेली असते आणि आषाढ-श्रावणात तीच तळ गाठते. मधल्या काळात घरातील कर्ती माणसे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेली असतात, लहान मुले कधी सोबत, कधी आजीजवळ. या घराची वर्षाची सरासरी काढाल तर ती कदाचित बरीही दिसेल. ज्या सुखात्मे यांनी सरासरीवर विसंबू नका असे जगाला शिकवले, त्यांचा धडा खरा लागू करायचा तो येथे. माणसाच्या शरीरातील फरकापेक्षा त्याच्या कणगीतील फरक अधिक निर्दय असतो.

आणि आता पुन्हा काठाच्या रोपाकडे. अंगणवाडीत सहा महिन्यांपुढील मुलाच्या दंडाभोवती एक पट्टी गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. मूल रडते आहे, हात ओढून घेते आहे, आजी दाराशी उभी राहून घाई करते आहे, आणि पट्टीची खाच लाल-पिवळ्याच्या बरोबर सीमेवर आली आहे. पट्टी जराशी सैल धरली की मूल पिवळ्यात जाते, जराशी आवळली की लालमध्ये. लाल लिहिले, की वरून विचारणा, जादा भेटी, जादा रकाने, मुलाला कळवणच्या दवाखान्यात नेण्याची खटपट, आणि बुडणाऱ्या रोजामुळे नाराज झालेली आई. पिवळे लिहिले, की त्या दिवसापुरती सर्वत्र शांतता. सेविका प्रामाणिक असली, आणि बहुतेक असतातच, तरी शिरस्त्याचा सारा कल तिच्या हाताला एकाच बाजूला ढकलतो. हीच नोंद मग वरच्या दप्तरांत जाते, लाखो नोंदींत मिसळते आणि एखाद्या प्रबंधात आधारसामग्री म्हणून उतरते. सुखात्मे यांच्या दोरीखाली रोप आत ओढले जात होते. येथे मूल बाहेर ढकलले जाते. नोंदी लाखाच्या कोटी झाल्याने ही चूक कमी होत नाही, कारण सर्वांचा कल एकीकडेच आहे. एकाच मुलाची दोघांनी, एकमेकांना न दाखवता, मापे घ्यावीत आणि ती ताडून पाहावीत, हा उपाय जुना आहे, स्वस्त आहे, आणि त्याला संगणक लागत नाही.

येथील महाविद्यालयातील जे विद्यार्थी उद्या संख्याशास्त्र किंवा संगणक घेऊन संशोधनाकडे वळतील, त्यांच्यासाठी एक प्रश्न येथेच, हाताशी, तयार आहे. कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली आश्रमशाळा चालतात. तेथील मुलांच्या जेवणाचा तक्ता ठरलेला असतो, खरेदी निविदेने होते, आणि निविदेत दर येतात ते व्यापारी मालाचे. या तक्त्याचे गणित डँट्झिगच्या पद्धतीने पुन्हा मांडून पाहावे. गव्हाचा काही भाग काढून नागली घातली, पावसाळ्यात रानभाजी आणि उन्हाळ्यात कुळीथ घातला, तर खर्च किती फिरतो, कॅल्शियम आणि लोह किती वाढते, आणि मुख्य म्हणजे मुले ते पानात टाकतात की खातात? हा शेवटचा आकडा कोणत्याच कोष्टकात मिळत नाही. त्यासाठी जेवणानंतर उष्ट्याची बादली तोलावी लागते. नागलीचा भाव मात्र निविदेतून न घेता आठवडेबाजारातून, बारा महिने, पायलीचे वजन करून घ्यावा.

हे काम करणाऱ्याने एक पथ्य पाळावे, अशी माझी विनंती आहे. अंगणवाडी सेविकेपुढे आधीच रजिस्टरांची चवड असते, आणि वरून मोबाईल. संशोधकाने आपला रकाना तिच्या माथी मारू नये. वही आपली न्यावी, काटा आपला न्यावा, पट्टी दोनदा लावावी, आणि तिच्या नोंदीशी आपली नोंद जुळली नाही तर तिची चूक वर कळवण्याआधी तिच्याशी बसून बोलावे. खाच कोठे आली होती आणि मूल किती ओढाताण करीत होते, हे तिलाच ठाऊक असते.